चांदीचं पिवळं पाणी

एमएस्सी झाल्यावर मला चितेगावच्या एका लहानशा कारखान्यात केमिस्टची नोकरी लागली आणि देवगाव रंगारीत बातमी पसरली की पोरगी चांदीच्या कंपनीत लागली. बातमी खोटी नव्हती. कारखान्यात खरंच चांदी यायची आणि खरंच चांदीच बाहेर जायची. फक्त ती कुणाला दिसायची नाही, एवढंच. चुलत बहिणीनं फोन करून विचारलं की पैंजण स्वस्तात पडतील का. एका काकूला तिची काळी पडलेली जोडवी उजळून हवी होती. मी सगळ्यांना एकच सांगायचे, की आमची चांदी पाण्यात असते. त्यावर लोक गप्प व्हायचे. पाण्यात गेलेल्या गोष्टीबद्दल आमच्याकडं फार विचारत नाहीत.

वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, मात्र बघायचंच होतं. म्हणून पहिल्या सुट्टीत मी एक छोटी बाटली घरी नेली. अण्णांनी ती ओट्यावर बसून उन्हात धरली, हलवली, झाकण काढून वास घेतला.

"ही चांदी?"

"व्हय."

"पिवळी?"

"लई बारीक केली की पिवळी दिसते, अण्णा."

"ज्वारी कितीबी बारीक दळली तरी तिचा रंग ज्वारीचाच ऱ्हातो," अण्णा म्हणाले आणि बाटली माझ्या हातात दिली. भेसळीचा माल परत करताना माणूस देतो तशी.

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. आमच्या पाण्यात चांदीचे कण इतके लहान असतात, की केसाच्या जाडीत काही हजार कण शेजारी शेजारी मावतील. चांदीच्या आत विजेचे बारीक कण मोकळे फिरत असतात. प्रकाश आला की ते झोक्यासारखे हलतात. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर तो उंच जातो, भलत्या वेळी दिला तर जागीच अडखळतो. एवढ्याशा चांदीच्या झोक्याची लय जांभळ्या-निळ्या प्रकाशाशी जुळते. तो प्रकाश ती गिळून टाकते. पांढऱ्या उजेडातून जांभळा-निळा काढून घेतला की मागं उरतं ते पिवळं.

अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी ती पिवळी नाय. ती निळं खाती म्हणून पिवळी दिसती."

"बरोबर!"

"मग सरळ आसं सांग की," अण्णा म्हणाले. पाच वर्षं कॉलेजात शिकून मला जे सांगता आलं नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि ते शेळ्यांकडं गेले.

कारखान्यात आम्ही आठ-दहा माणसं होतो. मी शहरात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायचे. रोज सकाळी क्रांती चौकात उभी राहून कंपनीची जीप पकडायची आणि पैठण रोडनं चितेगाव गाठायचं. आमचं पाणी कापडवाल्यांकडं जायचं. चादरी, मोजे, टॉवेल त्यात बुडवून वाळवले की त्यांच्यावर जंतू सहसा वाढत नाहीत, वास येत नाही. हे खरंच होतं. अडचण एवढीच होती, की पांढरं कापड त्या पाण्यातून निघालं की किंचित पिवळसर व्हायचं. म्हणजे आमच्यामुळं चादर जास्त स्वच्छ राहायची आणि कमी स्वच्छ दिसायची. हा विनोद साहेबांसमोर करायचा नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं.

साहेब म्हणजे कंपनीचे मालक. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी आणि वकिली, कारखाना काढणारे ते पहिलेच. भाषा अतिशय शुद्ध. ऑफिसातल्या सूचनाफलकावर कुणी "पाणि" लिहिलं तर ते थांबून, खिशातलं पेन काढून वेलांटी दीर्घ करूनच पुढं जायचे. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना प्रत्येक गोष्टीचं एकच बरोबर उत्तर हवं असायचं आणि ते उत्तर साधारणपणे त्यांच्याकडं असायचं.

प्रत्यक्ष पाणी तयार करायचे ते मामा. चितेगावचेच, साठीकडं झुकलेले. सकाळी रानात पाणी धरून मग कामावर यायचे. मी त्यांना मामा म्हणायचे आणि ते मला मॅडम म्हणायचे. मी कितीदा सांगितलं की नावानं हाक मारा. ते म्हणायचे, "व्हय मॅडम." चांदीचं मीठ विरघळलेलं पाणी मोठ्या भांड्यात तापवायचं, आतली ढवळणी सारखी फिरती ठेवायची आणि वरून दुसरं पाणी थेंबाथेंबानं सोडायचं. आधी सगळं स्वच्छ, रंगहीन असतं. मग कुठूनतरी पिवळी झाक येते आणि बघता बघता गडद होते. मामांची नजर इतकी तयार होती, की रंगाकडं बघून ते सांगायचे, "झालं, बंद करा." मी नंतर यंत्रावर तपासायचे. यंत्र नेहमी मामांच्याच बाजूनं असायचं.

यंत्र म्हणजे स्पेक्ट्रो. पाण्यातून प्रकाश सोडायचा आणि कुठल्या रंगाचा किती प्रकाश पलीकडं पोचलाच नाही ते मोजायचं. त्याचा एक आलेख निघतो. कण सगळे लहान आणि सारखे असले की आलेखात दौलताबादच्या डोंगरासारखा उंच, निमुळता सुळका येतो. कण मोठे आणि कमी-जास्त झाले की तो सुळका बसतो, पसरतो, म्हैसमाळच्या पठारासारखा होतो. मोठे कण प्रकाश नुसता गिळत नाहीत, तो चारी बाजूंना उधळतातही. मग पाणी आरपार बघितलं तर पिवळं दिसतं आणि बाजूनं बघितलं तर दुधाळ, हिरवट. हे मला पाठ होतं. परीक्षेत यावर दहा मार्कांचा प्रश्न आला होता आणि मला नऊ मिळाले होते.

त्या मार्चमध्ये स्पेक्ट्रोचा दिवा गेला. प्रकाश मोजायचं यंत्र आणि त्यालाच दिवा नाही. नवा दिवा मागवला होता, येत नव्हता. तोपर्यंत मी नमुने विद्यापीठात पाठवायचे, आलेख दोन-तीन दिवसांनी यायचा. नेमकं याच काळात दवाखान्यांना चादरी पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर आली. पांढऱ्या चादरी. साहेब खूश होते.

ऑर्डरची बॅच चालू असताना लाइट गेली. ते काही नवीन नव्हतं. पण जनरेटर चालू व्हायला त्या दिवशी अर्धा तास लागला. भांड्याखाली गॅस होता, तो पेटलेलाच. ढवळणी मात्र बंद. लाइट आल्यावर मामा सरळ माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, अर्धा तास ढवळणी बंद व्हती. रंग मला नीट वाटंना. मी सायबाला सांगतो."

मी नमुना ट्यूबमध्ये घेतला, खिडकीसमोर धरला. छान पिवळा, सोनेरीच. "चांगला आहे की, मामा."

"आरपार चांगलाच हाय. पर भांड्यात वरून बघितलं तर येगळं दिसतंय. मी सांगून टाकतो."

मागच्या महिन्यात एक बॅच जळाली होती तेव्हा साहेबांनी मामांना सगळ्यांसमोर बोल लावले होते. चूक त्यांची नव्हती तरी. ते माझ्या डोक्यात होतं. मला वाटलं, आता पुन्हा या म्हाताऱ्या माणसाला खाली मान घालून उभं राहावं लागेल. मी म्हणाले, "काही सांगू नका. गप्प बसा मामा. मी बघते."

मामा गप्प बसले. मला तेव्हा फार बरं वाटलं. आपण कुणालातरी वाचवलं, असं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर त्या बॅचची बाटली होती. साहेबांच्या पाठीशी मोठी खिडकी, बाहेर लिंबाचं झाड आणि रस्ता. समोर पाहुण्यांच्या खुर्च्या आणि त्या खुर्च्यांच्या मागं गडद तपकिरी प्लायची भिंत. मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. मामा दाराशी उभे राहिले.

"हे हिरवं का आहे?" साहेबांनी विचारलं.

मी बाटलीकडं बघितलं. खिडकीचा उजेड तिच्यातून सरळ माझ्याकडं येत होता. पाणी मधासारखं दिसत होतं.

"हिरवं नाही साहेब. पिवळं आहे."

"मॅडम, मला डोळे आहेत. हे गढूळ आहे आणि हिरवट आहे."

"साहेब, एकदम स्वच्छ पिवळं आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मीही उगाच डोळे बारीक केले. पाच मिनिटं आम्ही दोघं एका बाटलीच्या दोन बाजूंनी हिरवं-पिवळं, हिरवं-पिवळं करत राहिलो. शेवटी साहेबांनी अकाउंटंटला बोलावलं. तो साहेबांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"कसला रंग आहे?"

"हिरवट आहे साहेब."

"इकडून बघा," मी म्हणाले. तो माझ्या बाजूला आला, बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. कुणाच्या बाजूनं साक्ष द्यावी हे त्याला कळेना. तो टेबलाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, दोन्ही म्हणता येईल."

"रंगात दोन्ही नसतं," साहेब म्हणाले.

तेव्हा मला एकदम उमगलं. दहा मार्कांचा प्रश्न समोर टेबलावर ठेवलेला होता. मी आरपार आलेला प्रकाश बघत होते. साहेबांना पाठीमागच्या खिडकीतला उजेड बाटलीतून उलटा फिरून दिसत होता, मागं तपकिरी भिंत असल्यामुळं अगदी ठळक. दोघंही खरं बोलत होतो. इतका आनंद झाला, की मी विचार न करता बोलून गेले.

"साहेब, तुम्ही माझ्या खुर्चीत येऊन बसता का?"

साहेबांची खुर्ची उंच पाठीची होती, तिच्यावर पांढरा टॉवेल असायचा. त्या खुर्चीतून उठून कुणाच्या सांगण्यावरून साहेब समोरच्या खुर्चीत बसलेत, असं कंपनीच्या इतिहासात झालेलं नव्हतं. अकाउंटंट छताकडं बघू लागला.

पण साहेब उठले. टेबलाला वळसा घालून आले. मी उठून बाजूला झाले. ते खाली बसले आणि दचकले. "ही खुर्ची हलते!"

"दोन वरसं झाली, सायब," मामा दारातून म्हणाले.

साहेबांनी बाटलीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग लहान मुलासारखे हसले. "अरे! पिवळं आहे!" मग म्हणाले, "तुम्ही उभ्या का? तिकडं बसा. त्याशिवाय पटायचं कसं?"

मी त्यांच्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकले आणि बाटलीकडं बघितलं.

हिरवं होतं. नुसती झाक नाही, चांगलं दाट, दुधाळ हिरवं. शेवाळलेल्या हौदासारखं. पण लहान कणांचं पाणी बाजूनं बघितल्यावर इतकं हिरवं दिसत नाही. ते प्रकाश गिळतं, उधळत नाही. इतका प्रकाश उधळतोय म्हणजे आत मोठाले कण आहेत. म्हणजे ढवळणी बंद असताना कण एकमेकांवर चढून वाढले. म्हणजे बॅच खराब आहे. म्हणजे साहेबांना चुकीच्या कारणानं का होईना बरोबर कळलं होतं, आणि मी बरोबर शास्त्र सांगून चूक ठरत होते.

हे मला कळलं तेव्हा माझं तोंड चालूच होतं. मी साहेबांना गिळणं आणि उधळणं समजावून सांगत होते. अकाउंटंट मान डोलवत होता. साहेब म्हणत होते, "वा! काय सुरेख आहे हे!" मी मधेच थांबायला हवं होतं. थांबले नाही. जिंकत असताना थांबायची मला सवय नव्हती. शाळेपासून वर्गात बाकीच्यांना उत्तर सांगणारी मुलगी मीच. दाराशी मामा उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि ते निघून गेले.

साहेबांनी बॅच पास केली.

दोन दिवसांनी विद्यापीठातून आलेख आला. दौलताबाद नाही, म्हैसमाळ. मी कागद घेऊन साहेबांकडं गेले.

"साहेब, ही बॅच परत मागवावी लागेल. कण मोठे आहेत."

साहेबांनी आलेख हातात घेतला, खिडकीकडं धरला, आणि माझ्याकडं अतिशय मायेनं बघितलं. "मॅडम, तुम्ही घाबरल्या आहात. हे उधळण्यामुळं होतं. तुम्हीच सांगितलंत ना? आरपार बघा, पिवळं आहे."

"साहेब, पिवळं आहे, पण..."

"बसा, मी समजावतो," साहेब म्हणाले. आणि त्यांनी मला माझंच सगळं, झोक्यासकट, शुद्ध मराठीत समजावून सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मधे मी दोनदा "पण साहेब" म्हणाले. दोन्ही वेळा त्यांनी हात वर करून मला धीर दिला. कॅन तर आदल्या दिवशीच रवाना झाले होते.

ढवळणी बंद पडली होती, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, की मग आधी का नाही बोललात.

त्या रविवारी गावी गेले. अण्णांनी जेवताना विचारलं, तोंड का उतरलंय. मी सगळं सांगितलं. मामांना कसं वाचवायला गेले, तेही.

"त्या माणसानं म्हटलं व्हतं का, मला वाचव म्हणून?" अण्णांनी विचारलं.

"नाही. ते तर सांगतो म्हणत होते."

"मग त्याला कशाला मधी घेती, माय? तू सवताला वाचवायलीस."

आईनं त्यांना म्हटलं, जेवू द्या पोरीला. मी जेवले.

दहा-बारा दिवसांनी चादरवाले स्वतः आले. पन्नाशीचे गृहस्थ, शहागंजात दुकान, बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी. त्यांनी पिशवीतून एक चादर काढून टेबलावर पसरली. ती पिवळसरही नव्हती. राखाडी-तपकिरी होती, जागोजागी डाग, धुळीत लोळवल्यासारखी.

"ये देखो साब. नवीन चादर आहे. नवीन."

साहेब अजिबात डगमगले नाहीत. उलट मला वाटलं, ते या क्षणाची वाटच बघत होते. त्यांनी कपाटातून बाटली काढली, टेबलावर ठेवली, आणि उठून, स्वतःची खुर्ची पाहुण्यांना दिली. "या, तुम्ही इथं बसा. आता बघा. कसं दिसतंय?"

"हरा दिखता है."

"आता इकडं या." साहेबांनी त्यांना हलणाऱ्या खुर्चीत बसवलं. "आता?"

"पीला."

"बघा! रंग हा बघणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो," साहेब म्हणाले.

त्या गृहस्थांनी बाटलीकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, मग चादरीकडं बोट दाखवलं. "साब, चादरीवर पेशंट झोपतो. खिडकीसमोर धरून कोणी बघत नाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मदतीसाठी. त्यांना खरंच वाटत होतं, की माझ्याकडं आणखी काहीतरी शास्त्र असेल.

मी म्हणाले, "साहेब, बॅच खराब होती. लाइट गेली तेव्हा अर्धा तास ढवळणी बंद होती. मामा तुम्हाला सांगायला येत होते. मी त्यांना येऊ दिलं नाही."

चादरवाले खुर्चीत मागं टेकले. खुर्ची हलली. साहेबांनी चादरीची घडी करून ती बाजूला ठेवली.

"खराब आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्या दिवशी. तुमच्या खुर्चीत बसले तेव्हा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही साहेब," मी म्हणाले. तेही पूर्ण खरं नव्हतं, पण बरंचसं होतं.

मला वाटलं, नोकरी गेली. साहेब म्हणाले, "आलेख घेऊन आल्या होतात." मी म्हणाले, हो. ते म्हणाले, "आणि मी तुम्हाला शिकवत बसलो." एवढं बोलून ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांचा असा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते, आणि बघू नये असं वाटत होतं.

तोडगा चादरवाल्यांनीच काढला. त्यांनी त्या सगळ्या चादरी गडद निळ्या रंगवून घेतल्या. ऑपरेशन थिएटरसाठी तसल्याच लागतात म्हणे. निळ्या रंगाखाली आमची चांदी कुठल्या रंगाची आहे ते कुणाला दिसलं नाही. पुढं त्यांनी तशाच निळ्या चादरींची ऑर्डर दिली आणि फोनवर साहेबांना म्हणाले, "पाणी चांगलं द्या, फक्त दाखवायला बोलवू नका." आता आमचं निम्मं पाणी गडद कापडालाच जातं. जिचा रंग बरोबर यावा म्हणून आम्ही एवढा जीव काढतो, ती चांदी शेवटी जिथं रंग दिसत नाही तिथंच विकली जाते.

राहिले मामा. साहेबांनी त्यांना बोलावून, सगळ्यांसमोर, "तुमची चूक नव्हती" म्हणून सांगितलं. मामा "व्हय सायब" म्हणाले. माझ्याशी मात्र ते कामापुरतंच बोलायला लागले. मी एक दिवस भांड्याशी जाऊन उभी राहिले. म्हणाले, "मामा, चुकलं माझं. तुम्हाला बोलणी बसतील म्हणून मी..."

"बोलणी मी लई खाल्ली, मॅडम," मामा म्हणाले. ते भांड्यातच बघत होते. "बापाची खाल्ली, मुकादमाची खाल्ली, सायबाची खाल्ली. त्यानं काय व्हत नाय. पर चाळीस वरसांत मी म्हणलं आणि कुणी म्हणलं गप बसा, आसं कामाच्या बाबतीत झालं नव्हतं. मला दिसत व्हतं ते मी सांगत व्हतो. तुम्ही माझं तोंड बंद केलं, वर म्हणता वाचवलं."

मीही भांड्यात वाकून बघितलं. मग मी विचारलं, "तुम्हाला वरून बघितल्यावर काय दिसलं होतं?"

ते माझ्याकडं वळले. हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. "झालेल्या बॅचला वरून बघितलं तर तळ दिसतो," ते म्हणाले. "त्या दिवशी तळ दिसंना. धुकं बसल्यावानी. तुम्ही ट्यूब खिडकीला लावून बघता, तिच्यात चार बोटं पाणी. चार बोटांत धुकं कुठून दिसंल?"

नऊ मार्कांच्या उत्तरात हे नव्हतं.

साहेबांनी झाल्या प्रकाराचा लेखी अहवाल मागितला होता. तो मी आणि मामांनी मिळून लिहिला. मामा भांड्याशेजारच्या स्टुलावर बसून सांगायचे, मी लिहायचे. लाइट किती वाजता गेली, ढवळणी कधी थांबली, तळ दिसत नव्हता, केमिस्टला कळवलं, केमिस्टनं गप्प बसायला सांगितलं. तिथं मी जरा थांबले. मामा म्हणाले, "लिवा." मी लिहिलं. पुढच्या उपायांत आम्ही ढवळणीला बॅटरी जोडावी असं सुचवलं, आणि प्रत्येक बॅच वरूनही बघावी, आणि भांड्यावरच्या माणसाचं म्हणणं कागदावर घ्यावं. शेवटी दोघांच्या सह्या.

साहेबांनी अहवाल उभ्या उभ्या वाचला. खिशातून पेन काढलं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, एका ठिकाणी स्वल्पविराम दिला, आणि खाली "मंजूर" लिहून सही केली. कागद परत देताना म्हणाले, "'ढवळणी' हा शब्द चांगला आहे. यंत्रावर इंग्रजी पाटी आहे ती काढून टाका."

बॅटरी त्याच महिन्यात बसली. स्पेक्ट्रोचा दिवा अजून आलेला नाही.